एक विहीर, दोन मोटारी

पहाटेच्या वाऱ्याने रस्त्याकडचे विजेचे खांब आडवे पाडले, आणि ज्या बैठकीसाठी दोन्ही घरांतल्या माणसांनी आठवडाभर आपापली वाक्यं घोटून ठेवली होती, ती बैठक कुणी न बोलावताच सकाळी सुरू झाली.

खरं तर ती संध्याकाळी ठरली होती. प्रश्न एकच होता. ताईच्या शेतात बसवलेल्या बॅटरीवर काकांच्या शेताचंही पाणी घ्यायचं का? हो म्हणायला ताईचा धाकटा भाऊ उतावीळ होता. नाही म्हणायला काकांचा मुलगा तयारीत होता. काका स्वतः काय म्हणणार हे कुणालाच ठाऊक नव्हतं, कारण वाटणी झाल्यापासून ते त्या घराशी कामापुरतंच बोलत, आणि काम सहसा निघत नसे.

ताई पंपघरात शिरली तेव्हा धाकटा बॅटरीच्या कपाटासमोर बसला होता. शहरात तो अशीच कपाटं बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनिअर होता, आणि सुटीवर आला तरी घरात कमी आणि इथेच जास्त सापडे.

"खांब कधी उभे राहणार?" तिने विचारलं.

"लाइनमन म्हणाला, उद्या. म्हणजे परवा धरून चाल."

"आणि आपली बॅटरी?"

"निम्मी आहे. आज भरणं कठीण. आभाळ बघितलंस?"

तिने बघितलं होतं. वारा पडला होता, पण धूळ खाली बसायला तयार नव्हती. सूर्य मातकट दिसत होता आणि तरीही अंग भाजत होतं. सौर पॅनेलना पुरेसं ऊन नाही, रोपांना मात्र नको तितकी धग, असा उफराटा दिवस.

विहीर ताईच्या वडिलांनी आणि काकांनी, दोघा भावांनी मिळून खणलेली. वाटणीत जमीन मोजून झाली, झाडं मोजून झाली, मधोमध बांध पडला; विहीर काही कापता येईना. मग एका काठावर ताईच्या वडिलांची मोटार बसली, समोरच्या काठावर काकांची. वीज दिवसातून थोडा वेळ येई, तीही लहर लागेल तेव्हा. आली की दोन्ही घरांतून माणसं हातातला घास टाकून धावत सुटत. दोन मोटारी जिवाच्या आकांताने पाणी ओढत, विहिरीचा तळ दिसू लागे, आणि मग दोन्हीकडच्या नळ्या नुसती हवा फुंकत बसत. एकदा अशाच उन्हाळ्यात ताईच्या लिंबांच्या बांधालगतच्या ओळी वाळून गेल्या. वडील तोवर गेले होते. ती वाळकी झाडं तिने स्वतः उपटली होती.

गेल्या हिवाळ्यात धाकट्याने पॅनेल आणि बॅटरी बसवली. जमिनीत मुळांजवळ सळया पुरल्या, त्या ओल सांगत. विहिरीत एक तार सोडली, ती पाण्याची पातळी सांगे. कपाटातलं यंत्र हे सगळं ऐकून, उद्याच्या उन्हाचा अंदाज घेऊन, मोटार कधी आणि किती वेगाने चालवायची ते ठरवी. ताईची धावाधाव थांबली. काकांची मोटार मात्र अजून विजेची वाट बघे, आणि वीज आली की पहिल्यासारखीच विहीर उपसून काढी.

"ताई, आहात का?"

दारात काकांची सून उभी होती. तिला सगळे रोपवाली म्हणत. जाळीच्या सावलीखाली ती टोमॅटो-मिरचीची रोपं वाढवी, आणि लांबलांबचे शेतकरी तिच्याकडे आधी सांगून ठेवत. ती धावत आली होती. चपला हातात होत्या.

"टाकी रिकामी आहे," ती म्हणाली. "सकाळच्या विजेवर भरू म्हटलं होतं. ट्रेमध्ये माती असते चिमूटभर. दुपारपर्यंत सगळं करपेल. उद्या लोक न्यायला येणार आहेत, ताई. त्यांनी जमिनी तयार करून ठेवल्यात."

ताई काही बोलण्याआधी मागून आवाज आला.

"आमची लिंबं वाळली तेव्हा कुणी धावत आलं होतं का?"

आई चहाचे कप घेऊन आली होती. रोपवालीने मान खाली घातली. त्या उन्हाळ्यात ती काकांच्या घरात नवी होती, पण हे तिने सांगितलं नाही.

"आई," धाकटा म्हणाला.

"मी विचारलं नुसतं. विचारायलाही बॅटरी लागते का?"

ताई आईकडे बघेना, रोपवालीकडेही बघेना. "आज आपल्या पाण्याची वेळ कधी लावलीय?" तिने भावाला विचारलं.

"संध्याकाळी. पण खाली ओल आहे अजून. बघ, आकडा बघ."

ताईने आकडा बघितला नाही. ती लिंबांच्या ओळीत गेली, कुदळीने माती उकरली, खालची माती मुठीत दाबली. गोळा झाला. तिने दुसऱ्या ओळीत उकरलं. तिथेही झाला. झाडं फळाला लागली होती, मोहरीएवढी हिरवी फळं. ती बांधालगतच्या ओळीपाशी आली. वाळलेल्या ओळींच्या जागी लावलेली रोपं आता तिच्या कमरेला आली होती. त्यांना आज पाणी नको होतं. हे तिला आता पक्कं ठाऊक होतं, आणि ठाऊक झाल्यावर नाही म्हणायला मनात जागाच उरली नाही.

परत येऊन ती म्हणाली, "दे त्यांना पाणी."

आईने चहाचे कप उचलले आणि ती घरात निघून गेली. कप भरलेलेच होते.

*

रोपवालीचा नवरा आपल्या मोटारीशी उकिडवा बसून होता. मोटार नादुरुस्त नव्हती. पण वीज नसली की पुरुषमाणसाला मोटारीकडे बघत बसावंच लागतं, असं त्याच्या बायकोचं मत होतं. आवाजामुळे घरात त्याला तोफ म्हणत. कानात बोलला तरी बांधापलीकडे ऐकू जाई.

"नळी जोडायची?" तो गरजला. "आपली? त्यांच्या मोटारीला?"

"हळू. सगळे ऐकतायत."

"ऐकू देत! मी बादल्यांनी शेंदतो."

"पहिल्या ओळी भिजेपर्यंत शेवटच्या करपतील."

"अगं, आज जोडली म्हणजे कायमची जोडली. मग उठसूट त्यांना विचारून पाणी घ्यायचं."

"आता कुणाला विचारून घेता?" ती म्हणाली. "विजेलाच ना? ती तर उत्तरही देत नाही."

तेवढ्यात ताई आणि धाकटा कठड्याला वळसा घालून आले. धाकट्याच्या खांद्यावर लवचीक नळीचं वेटोळं होतं, हातात नळी आवळायचे क्लॅम्प आणि नट फिरवायचे पाने.

"दादा, तुमच्या मोटारीच्या पुढे नळी कापून तिथे ही जोडू. अर्ध्या तासाचं काम."

"इंजिनिअर, हात लावायचा नाही."

"रोपं जातील, दादा."

"आमची रोपं, आमचं आम्ही बघू. उद्या तुझ्या त्या यंत्राने ठरवलं की यांना पाणी नको, तर मी कुणाच्या दारात जायचं? किल्ली कुणाकडे?"

"किल्ली नाहीच."

"किल्ली असतेच! प्रत्येक गोष्टीला असते!"

"मी सांगते किल्ली कुणाकडे ते," रोपवाली मध्येच म्हणाली. ती नवऱ्यासमोर उभी राहिली होती, म्हणजे ताईच्या बाजूला. तोफेला ते दिसलं आणि लागलं. "यांचं कपाट यांच्या पंपघरात. पंपघराला यांचं कुलूप. तुमचं म्हणणं चुकीचं नाही. पण त्याचं भांडण उद्या भांडा. आज माझं काम मरतंय."

तेवढ्यात शेताकडून काका येताना दिसले.

*

काका आले आणि कुणाकडेही न बघता कठड्यावर हात टेकून विहिरीत वाकले.

पाणी खोल होतं. पूर्वेच्या अंगाला दगडाच्या फटीतून झरा पाझरत होता, करंगळीएवढा. तो फोडला तेव्हा काका विशीत होते. थोरला भाऊ वरून ओरडला होता, लागलं रे लागलं! तेव्हापासून झरा तेवढाच होता. तो कमी झाला नव्हता की वाढला नव्हता. दोन मोटारी त्याच्यावर दरडावत होत्या, पण झरा कुणाच्या घाईने वाहत नाही. काकांना हे फार पूर्वी कळलं होतं. ते बोलायचं कुणापाशी, हा प्रश्न होता. भावाशी बोलणं तो जाईपर्यंत बंदच राहिलं, आणि मुलाशी बोललं की ते सगळ्या शिवाराला ऐकू जाई.

"इकडे ये," ते धाकट्याला म्हणाले. "तुझी मोटार हळू चालवता येते म्हणतात. हळू म्हणजे किती?"

"झरा भरेल तेवढी. पातळी खाली जायला लागली की ती आपोआप मंदावते. काका, वीज थोडाच वेळ येते म्हणून आपण ओरबाडतो. साठवलेली असली की घाई कशाला? दिवसभर थोडं थोडं घेता येतं. वीजही कमी लागते. चढावर पळणाऱ्याला धाप लागते, चालणारा पोहोचतो, तसं."

"पातळी टिकते?"

"परवा तुमची मोटार दिवसभर बंद होती. आमची चालू होती. पाणी फारसं हललं नाही."

काकांनी मान हलवली. तेही परवा वाकून बघून गेले होते.

"आणि तुझं यंत्र म्हणालं, माझ्या जमिनीला तहान नाही. मला वाटतंय आहे. तर?"

"तर उकरून बघायचं. यंत्र चुकू शकतं. सळई चुकीच्या जागी पुरली तर हमखास चुकतं. तुम्ही सांगायचं, ते ऐकतं. आणि कुणीही काही बदललं की दुसऱ्या घरातल्या फोनवर लगेच दिसतं."

"माझा फोन नुसता वाजतो."

"वहिनींच्या फोनवर दिसेल."

काकांनी सुनेकडे बघितलं. तिच्या हातात अजून चपला होत्या. मग ते ताईकडे वळले. तिच्याशी ते इतक्या सरळ बोलल्याला वर्षं झाली होती.

"मी म्हातारा झालो. उद्या तू आणि हा भांडलात तर?"

"भांडूच की," ताई म्हणाली. "त्याचा आवाज असा आणि माझा स्वभाव असा. पण पाणी त्या भांडणात ओढायचं नाही." पुढचं वाक्य घोटून ठेवलेल्यांपैकी नव्हतं. "कपाट माझ्या पंपघरात नको. इथे विहिरीपाशी, बांधावर खोली बांधू. दार दोन्हीकडून. कुलूप कुणाचंच नाही."

"ताई, अगं, ते कपाट हलवायचं म्हणजे काय वजन आहे ठाऊक आहे का?" धाकटा कळवळला. "सगळ्या तारा पुन्हा ओढाव्या लागतील!"

"वजनाचं मी बघतो," तोफ म्हणाला.

सगळ्यांनी त्याच्याकडे बघितलं. तो नेहमीपेक्षा बराच हळू बोलला होता. "काय झालं? बांधावर येणार असेल तर मी उचलतो. त्यात काय."

काकांनी हत्यारांच्या पेटीतून लोखंड कापायची करवत काढली, आपल्या मोटारीपाशी वाकले आणि आपल्याच हाताने आपली नळी कापायला घेतली. प्लॅस्टिकचा पांढरा भुसा त्यांच्या पायावर पडत होता. मुलगा पुढे झाला, "बाबा, मी करतो." त्यांनी करवत दिली नाही.

*

पहिला क्लॅम्प निसटला. पाण्याचा फवारा थेट तोफेच्या तोंडावर बसला आणि त्याने दिलेल्या शिवीने बांधावरचे पक्षी उडाले. दुसऱ्यांदा दोन क्लॅम्प लावले. धाकट्याने मोटार सुरू केली. ती गुरगुरली, नळी फुगली, पाणी निघालं.

पण धूळ दाट झाली होती. पॅनेलकडून येणारी वीज जवळजवळ थांबली आणि बॅटरी एकटी पडली.

"वेग कमी करावा लागेल," धाकटा म्हणाला. "नाहीतर तासाभरात संपेल. आणि या वेगाने पाणी टाकीवर चढणार नाही."

"टाकीशिवाय फवारे चालत नाहीत," रोपवाली म्हणाली. तिचा चेहरा उतरला. मग लगेच, "टाकी सोडा. नळी खालून सरळ जाळीत आणा. हाताने घालू."

आईला यायचं नव्हतं. ती घरात बसून थंड झालेला चहा एकटीने प्यायली, दोन कप, वाया कशाला घालवायचा म्हणून. पण बांधाकडून आवाज येत होते आणि त्यात भांडण नव्हतं. त्या दिशेने भांडणाशिवाय आवाज येणं इतकं विचित्र होतं की तिला राहवलं नाही.

जाळीखाली तिने बघितलं. तिची मुलगी झारी घेऊन ट्रेच्या ओळीत वाकली होती. तोफ ड्रममधून बादल्या भरत होता. भावजींच्या, म्हणजे काकांच्या, हातात नळीचं टोक होतं. कोवळी पानं कडेने वळली होती, काही पार माना टाकून बसली होती. झाड कुणाचं हे कोमेजलेल्या पानावर लिहिलेलं नसतं. आईने आयुष्यभर पानं बघितली होती. कोपऱ्यातली रिकामी झारी उचलून ती ड्रमपाशी गेली.

"मुळाशी घाला, मोठ्याआई," रोपवाली म्हणाली. "पानांवर नको, ऊन आहे."

"मला शिकवतेस?" आई म्हणाली आणि मुळाशी घालू लागली.

मग नळीचं पाणी थांबलं.

"बॅटरी संपली?" ताई ओरडली.

"नाही!" पंपघरातून धाकट्याचा आवाज. "मोटार चालू आहे!"

"क्लॅम्प सुटला असेल!" तोफ बादली टाकून धावला. रोपवाली त्याच्या मागे. काका नळीच्या टोकात एक डोळा घालून बघू लागले.

आईने झारी खाली ठेवली. वाटणीच्या दिवसापासून भावजींशी ती एक शब्दही बोलली नव्हती. त्यांच्या भावाला स्मशानात पोहोचवून आले त्या दिवशीसुद्धा नाही.

"भावजी," ती म्हणाली, "पाय काढा. नळी तुमच्या पायाखाली दुमडलीय."

काकांनी खाली बघितलं. पाय उचलला. नळी वळवळली आणि रोखून धरलेलं पाणी त्यांच्या डोळ्यांवर, चष्म्यावर, सदऱ्यावर येऊन आदळलं. ताईला हसू आवरेना. काका चष्मा पुसायला गेले तर सदराही ओला. आईने पदराचं कोरडं टोक पुढे केलं, मग आपण काय करतोय हे लक्षात येऊन थांबली, आणि तरी मागे घेतलं नाही.

"द्या इकडे चष्मा," ती म्हणाली. "आंधळ्याने पाणी घालू नये."

*

सूर्य कलला तेव्हा बॅटरीत थोडी धुगधुगी उरली होती. पश्चिमेच्या कडेचे ट्रे वाचले नाहीत. रोपवालीने ते उचलून बाजूला ठेवले आणि त्यांच्याकडे पुन्हा बघितलं नाही. बाकीच्या रोपांनी माना उचलल्या होत्या. उद्या येणाऱ्यांपैकी एक-दोघांना थोडी कमी द्यावी लागणार होती. तसं तिने त्यांना फोन करून सांगितलं, आणि "उद्या या" हेही सांगितलं.

सगळे विहिरीच्या कठड्याशी बसले होते. कपाट आणायचं कुठल्या वाटेने यावर तोफ आणि ताई यांचं जुंपलं होतं, पण ते भांडण निराळं होतं. दोघांनाही कपाट आणायचंच होतं. काकांच्या शेतावर पॅनेल कुठे बसतील, हे ते स्वतःच पावलं टाकून मोजून आले होते आणि जागा आखून दाखवत होते.

धाकट्याने रोपवालीच्या फोनवर सगळं बसवून दिलं. पडद्यावर विहिरीची पातळी आली, बॅटरीचा आकडा आला. पहिल्या चौकटीत लिहिलं होतं, 'आमचं शेत'. खाली एक कोरी चौकट होती.

"दुसऱ्या शेताला नाव द्यावं लागतं," तो म्हणाला. "काय लिहू?"

"'काकांचं शेत' लिही," ताई म्हणाली.

"म्हणजे माझ्या फोनवर मीच माझ्या शेताला काकांचं म्हणू?" रोपवाली म्हणाली. "'आमचं' लिहा."

"'आमचं' तर वर आहेच. दोन सारखी नावं चालत नाहीत."

"मग तुमचं बदला!" तोफ गरजला.

"आमचं का बदलायचं?" ताई म्हणाली.

आई बाजूच्या दगडावर बसून पायावरचा चिखल काढत होती. ती मान वर न करता बोलली.

"वरचं शेत आणि खालचं शेत."

धाकट्याचं बोट फोनवर थांबलं.

"मी लग्न होऊन आले तेव्हा असंच म्हणायचे," ती म्हणाली. "वरच्या शेतात न्याहारी द्यायची, खालच्या शेतात पाणी द्यायचं. आमचं नि तुमचं नंतर आलं."

धाकट्याने काकांकडे बघितलं. काका झऱ्याच्या बाजूला तोंड करून बसले होते. त्यांनी मागे न वळता हात हलवला, लिही म्हणून.

त्याने आधी पहिली चौकट पुसली आणि लिहिलं, 'वरचं शेत'. मग फोन आईपुढे धरला. तिने चिखलाचं बोट पदराला पुसलं, चष्म्यासाठी इकडेतिकडे बघितलं, आणि काकांनी न मागता पुढे केलेला त्यांचा चष्मा डोळ्यांवर चढवून, एकेक अक्षर शोधत, दुसरी चौकट स्वतः भरली.